पोफळीवरून उतरल्यावर

"वर असलो की डोकं जागेवर असतं, खाली उतरलो की जमीनच जागेवर नसते," असं अंबाजी एकदा म्हणाला होता.

चौलला हरेश्वरअण्णांच्या ओटीवर बसून, अण्णांच्या डॉक्टर पुतण्याला तो हे म्हणाला. एकोणीसशे एकसष्ट साल संपत आलं होतं. अंबाजी पंचेचाळिशीच्या पुढे गेला होता आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याने झाडांवर काढली होती. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून आलेलं अण्णांनी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तो भंडारी. बापामागोमाग माडी काढायला लागला. माडावर चढायचं, फुलोऱ्याची पोय तासायची, तिच्याखाली मडकं अडकवायचं, भरलेलं उतरवायचं. चढणाऱ्याने प्यायची नाही, हा बापाचा नियम होता. माडी किती आंबली हे बघायला अंबाजी बोट बुडवून जिभेला लावायचा आणि थुंकून टाकायचा. त्यापलीकडे तिचा थेंब त्याच्या पोटात गेला नाही. गावाला हे ठाऊक होतं. म्हणजे तेव्हा तरी ठाऊक होतं.

स्वातंत्र्य आलं, आणि दोन-तीन वर्षांत दारूबंदी आली. मडकी फुटली. काहीजण मुंबईला गोदीत गेले, काहीजण चोरून काढत राहिले. अंबाजीला चोरून काही करता येत नसे. त्याने कोयता तोच ठेवला आणि झाडं बदलली. हरेश्वरअण्णांच्या वाडीत तो पोफळीवर चढू लागला.

पोफळ माडासारखी नाही. ती मनगटाएवढी वाटावी इतकी बारीक आणि उंच, वारा नसतानाही शेंड्याला हलणारी. सुपारी उतरवणारा प्रत्येक झाडावर चढत-उतरत बसत नाही. पहिल्या झाडावर तो चढतो, घड कापून दोरीने खाली सोडतो, मग त्याच झाडाला अंगाने झोका देतो आणि झाड वाकलं की पुढच्या पोफळीचा शेंडा पकडून तिच्यावर जातो. अशी ओळ संपेपर्यंत. मध्ये जमिनीला पाय लावायचा नाही. मध्ये उतरला तो भ्याला, असं धरतात आणि उरलेली ओळ दुसऱ्याला देतात. कामाची रीत आहे ही; तिच्यात देवाधर्माचं काही नाही. पण अंबाजी ती धर्मासारखी पाळायचा.

न्याहारी फडक्यात बांधून तो वर न्यायचा. उन्हं चढेपर्यंत झुलत्या खोडांना पाय आवळून तो हिरव्या अंधारात असायचा. खाली वेचणाऱ्या बायकांना त्याचा आवाज यायचा नाही. घड येताना दिसायचे, तेवढंच.

पुढे, नेमकं कधी ते कोणालाच सांगता येत नाही, उतरल्यावर त्याला जमीन हलतीशी वाटू लागली. सुरुवातीला पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत. मग जेवण होईपर्यंत. मग झोपेपर्यंत. चटईवर पडला की चटई लाटेवरच्या मचव्यासारखी वरखाली व्हायची. सकाळी झाडावर चढला की झाड हलायचं आणि तो स्थिर व्हायचा. वर बरं वाटतं म्हणून तो जास्त वेळ वर राहू लागला. संपलेल्या ओळीच्या शेवटच्या झाडावर उगाच बसून राहायचा. आजार ज्याने वाढतो त्यालाच तो औषध समजत होता, पण हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

त्याची आई सखुबाई गेली तेव्हा तो असाच ओळीच्या मध्यावर होता. बायको काशी धावत वाडीत आली.

"अवो, उतरा! आई गेली!"

वरून आणखी एक घड खाली आला. मग आवाज आला, "ओळ संपू दे."

"अवो, आई गेली म्हनते मी!"

"ऐकलं."

घड येत राहिले. बायका वेचायच्या थांबल्या होत्या, तरी येत राहिले. शेवटच्या झाडावरून उतरून तो घरी निघाला तेव्हा वाटेत एकदा पडला. स्मशानात अग्नी देताना त्याचे पाय असे फाकत होते की अण्णांनी त्याला खांद्याला धरलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. लोक म्हणाले, दुःखाने घेतलीय बिचाऱ्याने. त्या दिवशी त्याला दारुड्या म्हणणाऱ्यांच्या मनात दयाच होती. दया पुढे गळून पडली, नाव राहिलं.

भंडारी, पूर्वीचा माडीवाला, आणि चालताना झोकांड्या खातो. याच्यापुढे कोणाला पुरावा लागत नव्हता. एकदा बाजारात हवालदाराने त्याला थांबवून तोंड उघडायला लावलं. नाक जवळ नेलं.

"वास तर नाही. मग डोलतोस कशाला?"

अंबाजीने उघडलेलं तोंड मिटलं. हवालदाराने सोडून दिलं. चहाच्या दुकानातल्यांनी सोडलं नाही.

"अंबाजीबुवा, बिनवासाची कुठं गाळता? आमाला बी सांगा की."

"अरे, तो वरच लपवतो. पोफळीच्या शेंड्यात बाटली हाय त्याची. म्हनून उतरत न्हाय लवकर."

तो आपला चहा पीत होता. बशी दोन्ही हातांनी धरायची सवय त्याला लागली होती. बोलणं त्याच्या अंगावरून ओघळून जायचं. त्याला राग येत नाही, हे लोकांना अपराधाची कबुली वाटलं. खरं तर त्याला फारसं काही वाटतच नव्हतं. सण आला, काशीने गोड केलं, खाल्लं. मुलगी राही तापाने फणफणली, रात्रभर उशाशी बसला, तिला बरं वाटल्यावर उठून वाडीत गेला. सगळं लांबून, कापसातून आल्यासारखं यायचं.

मग राहीच्या लग्नाची वेळ आली आणि प्रकरण त्याच्या एकट्याचं राहिलं नाही.

नागावचं पहिलं स्थळ मुलगी बघून गेलं, मुलगी आवडल्याचं कळवलं आणि नंतर कोणाच्या तरी तोंडी निरोप आला की बाप पितो त्या घरात आम्हाला सोयरीक नको. दुसरं स्थळ बोर्ली पंचतनचं. मुलगा रघू, मुंबईत गोदीत कामाला. अलिबागला एका लग्नात त्याने राहीला पाहिलं होतं, आणि राहीनेही त्याला. हे काशीला समजलं तेव्हा तिने राहीला फटकावलं आणि मग कपाळाला हात लावून बसली, कारण मुलाचा बाप कोंडाजी माळकरी होता. त्याचा धाकटा भाऊ चोरटी दारू पिऊन आंधळा झाला आणि मेला होता. कोंडाजीने निरोप धाडला, शिमग्यानंतर येऊ, घर बघू, मुलीच्या बापाला बघू.

"तुमाला बघायला येनार हाईत," काशी म्हणाली.

"येऊ देत."

"येऊ देत काय? सरळ चालाल का तोवर?"

तो उठून वाडीत गेला. पण दुसऱ्या दिवशी तो आपणहून हरेश्वरअण्णांच्या ओटीवर जाऊन बसला. मुंबईहून पुतण्या आलाय आणि तो कानाचा डॉक्टर आहे, एवढं त्याला कळलं होतं.

डॉक्टर लहानपणी सुट्टीत याच वाडीत अंबाजीच्या झाडाखाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत असे. आता तो वेगळ्याच गोष्टीने झपाटला होता. त्या वर्षी रशियाने दोन माणसं पृथ्वीबाहेर पाठवली होती. पहिला एकच फेरा मारून आला. दुसरा मात्र एक दिवस आणि एक रात्र वर राहिला, आणि त्याला वर मळमळलं, मान वळवली की गरगरलं, अशा बातम्या आल्या होत्या. माणसाच्या डोक्याला वर काय होतं, यावर डॉक्टर मुंबईत कुठेतरी बोलणार होता.

"अंबाजीदादा, काय होतं ते सांगा."

तेव्हा अंबाजीने ते वाक्य सांगितलं. डॉक्टरने हातातला पेपर खाली ठेवला.

त्याने अंबाजीला ओटीवर उभं केलं, डोळे मिटायला लावले, ढकलल्यासारखं केलं. विहिरीचं गार पाणी कानात सोडून त्याच्या बुबुळांकडे बघत बसला. अण्णांच्या फिरत्या खुर्चीवर बसवून गरगर फिरवलं. अण्णा म्हणाले, "अरे, भोवरा वाटला की काय तुला तो?" डॉक्टर सांगेल तसं अंबाजी करत होता. फिरणारी खुर्ची थांबवली तेव्हा तो म्हणाला, "फिरत होती तवा बरं वाटत होतं."

"कान शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाला. "बघा, आपल्या कानात आत पाणी असतं. खाली कुठे, वर कुठे, हे ते पाणी सांगतं. डोळे सांगतात, तळपाय सांगतात. ह्या सगळ्यांचं ऐकून मेंदू ठरवतो. तो रशियन वर गेला तेव्हा त्याच्या कानातल्या पाण्याला खाली उरलंच नाही. डोळे म्हणाले हे छत, कान म्हणाले ठाऊक नाही. मेंदू गडबडला. माझा अंदाज असा की, तिथे जास्त दिवस राहिला असता तर मेंदूने कानाचं ऐकणंच सोडलं असतं. तिथल्यासारखा झाला असता. आणि मग खाली आल्यावर त्याला पृथ्वी परत शिकावी लागली असती. तुमचं तसं झालंय. तुमच्या मेंदूने झुलणं हेच खरं धरलंय. जमीन स्थिर आहे यावर त्याचा विश्वास नाही."

"मेंदूला सांगायचं कसं?" अंबाजीने विचारलं.

"चढू नका. सहा महिने तरी. रोज वाळूत अनवाणी चाला. कोणाचा तरी हात धरून, थोडं डोळे मिटून. तळपायांना बोलू द्या."

"ऐन हंगामात?" अण्णा म्हणाले. मग पुतण्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली.

"आणि दादा, दुसरंही विचारतो. दुःख, आनंद, हे कमी वाटतं का पूर्वीपेक्षा?"

 "पूर्वी किती वाटत होतं ते आठवत न्हाय," अंबाजी म्हणाला.

 याचाही संबंध असेल का, हे डॉक्टरला माहीत नव्हतं आणि तसं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. इतके दिवस वर राहून आलेला माणूस अजून जगात नाही, तो म्हणाला, ज्याला विचारावं असा.

अंबाजीने कोयता खुंटीला लावला. पोफळीवर दुसरा माणूस आला, तो ओळीत दोनदा उतरायचा. सकाळी राही बापाचा हात धरून त्याला किनाऱ्यावर न्यायची. ओहोटीची ओली, घट्ट वाळू. तो डोळे मिटायचा.

"बाबा, डावीकडं चाललाव."

"मी सरळ हाय."

"समुद्रात चाललाव म्हनते ना!"

ती हसायची. कोळणी टोपल्या घेऊन जाताना थांबायच्या. "गो राही, बापाची रातची उतरवायला आनलास काय सकाळीच?" राही त्यांना तोंड वेंगाडून दाखवायची आणि बापाचा हात आणखी घट्ट धरायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, त्या रशियाच्या मानसाला पोरगी हाय का?" अंबाजीला माहीत नव्हतं. "असंल तर तिलाबी असंच फिरवायला लागत असंल," ती म्हणाली. त्या दिवशी तो बराच लांबपर्यंत सरळ चालला.

थंडी सरेपर्यंत फरक पडला, पण डॉक्टरला हवा होता तितका नाही. सपाट जागी, उजेडात, हात मोकळे असले तर तो नीट चालायचा. हातात काही असलं, पायरी असली, किंवा माणसं बघत असली, की जमीन पुन्हा उठायची. झाडं सोडल्याचं त्याला काय वाटलं, हे कोणी विचारलं नाही. वाडीत तो जायचा, गळलेल्या झावळ्यांच्या विऱ्या गोळा करायचा, वर बघायचा नाही.

शिमगा झाला आणि पाहुणे आले. कोंडाजी, त्याची बायको आणि रघू. खाडी ओलांडून, दुपारी घामाघूम होऊन. काशीने हरेश्वरअण्णांना बोलावून घेतलं होतं, चार शब्द बोलायला मोठं माणूस असावं म्हणून. डॉक्टर योगायोगाने गावात होता. तोही अण्णांबरोबर आला.

पाहुण्यांच्या पायांवर पाणी मुलीच्या बापाने घालायचं असतं. काशीने तांब्या मुद्दाम अर्धाच भरला होता. अंबाजी तो घेऊन पायरी उतरला. कोंडाजीने धोतर वर धरून पाय पुढे केले. पहिली धार पायांवर पडली, दुसरी अंगणात, तिसरी कोंडाजीच्या धोतरावर. तांब्या हातातून गेला. अंबाजीने पडू नये म्हणून कोंडाजीचाच दंड पकडला. दोघांची तोंडं एकमेकांच्या अगदी जवळ आली. कोंडाजीने श्वास आत ओढला, हे सगळ्यांना दिसलं.

सगळे आत येऊन बसले. कोंडाजीने चहाला हात लावला नाही.

"दुपारचीच?" तो म्हणाला.

"तो घेत नाही, कोंडाजी," अण्णा म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय."

"मग ही काय तऱ्हा? माझा भाऊ असाच चालायचा. म्हनायचा, डोळ्यांवर ऊन येतं."

डॉक्टरला राहवलं नाही. तो पुढे सरकला. कानातलं पाणी, झुलतं खोड, पृथ्वीबाहेर जाऊन आलेला माणूस, सगळं त्याने सोप्या शब्दांत सांगितलं. चांगलं सांगितलं. रघू तोंड उघडं टाकून ऐकत होता. कोंडाजीची बायको म्हणाली, "अगो बाई, तो रशियावाला पन डोलतो?"

"त्यालाही गरगरलं वर," डॉक्टर म्हणाला.

"त्याच्या पोरीला स्थळ बघायला जात असतील तवा बघू त्यांचं," कोंडाजी म्हणाला. मग थांबून विचारलं, "डाक्टर, म्हंजे नेमका रोग कुठं हाय?"

"रोग असा नाही. मेंदूत—"

"मेंदूत."

"मेंदूला लागलेली सवय आहे ती. कान चांगले आहेत."

"मेंदूत बिघाड हाय," कोंडाजी सावकाश म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने पदर सावरला. "आईला होता का ह्यांच्या? भावाबिवाला?"

"हे रक्तातून येत नाही हो! पोफळीवर—"

"तुमी शिकलेले, तुमी म्हनता तसं असंल. पन वेड म्हंजे वेड. पोरीत उतरलं, नातवात उतरलं, तर मी कुनाला विचारायला जाऊ? रशियाला?" त्याने टोपी उचलली. "अण्णा, रागावू नका. मुलगी सोन्यासारखी हाय. पन निघतो आमी."

रघू उठला नाही. बापाने त्याच्याकडे बघितलं तेव्हा उठला. आतल्या दाराशी राहीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"दारूच हाय," काशी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती चुलीजवळून पुढे आली होती, भिंतीला पाठ लावून उभी होती.

"भाऊ, बसा. डाक्टर आमच्या भल्यासाठी झाकतायत. मेंदूबिंदू काय न्हाय. घेतात ते. माडी काढायचे तवापासून घेतात. वास येऊ नये म्हनून पान चघळतात. मी बायको हाय, मला ठावं न्हाय का?"

"काशी!" अण्णा म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा, अण्णा. घरातलं तुमाला काय म्हाईत?"

डॉक्टर बोलायला उठत होता. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला.

कोंडाजी बसला. टोपी मांडीवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. दारू त्याला ठाऊक होती. तिच्याशी तो लढला होता, एकदा हरला होता, आणि पुन्हा लढायला त्याची हरकत नव्हती. तो अंबाजीकडे वळला तेव्हा त्याचा आवाज जवळजवळ मायेचा होता.

"अरे, मग तसं सांगायचं ना, इव्हायबुवा. हे काय लपवायचं असतं? सुटते ती. माझ्या भावाची सुटली न्हाय, कारन आमी त्याला धरला न्हाय. तुमची सोडवू." त्याने गळ्यातली माळ पुढे ओढली. "हिला हात लावा. म्हना, आजपासून सोडली. एवढं म्हना, मग मी उद्याच साखरपुड्याचं बघतो."

अंबाजी भिंतीशी बसला होता. त्याने माळेकडे पाहिलं. काशीकडे पाहिलं, ती खाली बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आतल्या दारात राही दिसत नव्हती, फक्त तिचा हात चौकटीवर होता.

"म्हना," कोंडाजी म्हणाला.

माशी चहाच्या बशीवर बसली. कोणी उडवली नाही.

"बरं, लाज वाटत असंल तर मनात म्हना. माळेला मनातलं पोचतं. हात तेवढा लावा."

अंबाजी गुडघ्यांवर पुढे सरकला. त्याने उजवा हात वर केला आणि तो माळेवर ठेवला. कोंडाजीच्या छातीचे ठोके त्याच्या बोटांना लागले असतील. काही क्षण हात तिथे होता. मग त्याने तो काढून घेतला.

"झालं!" कोंडाजी म्हणाला. "वहिनी, आना आता गरम चहा. आनि गूळबी आना."

काशीने डोळ्यांना पदर लावला. रघू हसला आणि त्याने लगेच खाली बघितलं. सगळे एकदम बोलू लागले, मे महिना, मुहूर्त, बोर्लीची माणसं किती येतील, चौलला एवढी उतरायची जागा आहे का. अण्णा म्हणाले, आमची ओटी आहे. डॉक्टरने अण्णांचा हात गुडघ्यावरून दूर केला.

अंबाजी भिंतीला हात टेकवून उभा राहिला. चहा घेऊन येणाऱ्या राहीने त्याला वाट दिली. तो माणसांच्या मधून, कोणाच्या पायाला पाय लागू न देता, दारापर्यंत गेला, चौकट धरून पायरी उतरला आणि वाडीच्या दिशेने बाहेर पडला.